जेठाच्या चपला

मी वकिलीची सनद घेतली तेव्हा माझ्या वर्गातून बाहेर पडलेल्या पहिल्या मुली आया झाल्या होत्या. त्याआधीची सतरा वर्षे मी सुरतेच्या लिंबायत वस्तीतल्या मराठी शाळेत इतिहास शिकवीत होते. प्लेगने सुरत रिकामी केली, त्याच्या पुढच्या वर्षी मी काळा कोट अंगात घातला, आणि तो खांद्यांवर सैल होतो हे पहिल्याच दिवशी कोर्टाच्या जिन्यात माझ्या लक्षात आले. पन्नास मुलांपुढे कधी न अडखळलेली मी न्यायाधीशांपुढे उभी राहिले की आवाज घशातच थांबे. ज्यांच्या हाताखाली मी काम शिकत होते ते साहेब साठीच्या पुढचे, मूळचे सुरतचे गुजराती गृहस्थ. त्यांनी तीन महिने वाट पाहिली आणि मग एके सकाळी म्हणाले, "बेन, बोलता येत नसेल तर वाचा. बोलणारे पुष्कळ आहेत, वाचणारे राहिलेत किती?"

त्यांनी हे चिडून म्हटले नव्हते. तरीही त्या दिवसापासून मी कोपऱ्यातल्या टेबलाशी बसून वाचीतच राहिले. गुजराती मला बोलता चांगली येई, पण वाचताना मी अजून एकेक अक्षर लावीत असे. ज्या जबान्या साहेब दहा मिनिटांत चाळून टाकीत, त्यांना मला एक दुपार लागे. या संथपणाची मला लाज वाटे, आणि तो लपवण्यासाठी मी इतरांच्या आधी येऊन बसत असे.

अशाच एका सकाळी ती बाई प्रथम आली. तिच्या नवऱ्याला खुनाच्या खटल्यात जन्मठेप झाली होती. अपील अहमदाबादच्या उच्च न्यायालयात पाच वर्षे पडून होते आणि आता त्याची पाळी जवळ येत होती. तिकडचे वकील साहेबांचे स्नेही. कागद नीट वाचून टिपण काढून देण्याचे काम त्यांनी आमच्याकडे पाठवले होते. साहेबांनी तिला माझ्या टेबलाकडे पाठवले, कारण ती पारोळ्याकडची होती आणि मीही खानदेशचीच.

"तुम्ही शाळेतल्या बाई ना?" ती म्हणाली. "माझी मोठी तुमच्या हाताखाली होती. पाचवीत."

मग ती बाकावर बसली, पिशवीतून एक साडी काढली आणि विणीतून बाहेर आलेले धागे बारीक कात्रीने कापू लागली. हे तिचे घरी आणलेले काम. रिकामे बसणे तिला ठाऊकच नव्हते. त्यानंतर ती दर गुरुवारी येऊ लागली. विचारायची एकच: "बाई, सरकलं का पुढे?" मी नकाराची मान हलवी. ती तासभर धागे कापी आणि उठून जाई.

हकीकत थोडक्यात अशी होती. दोन भाऊ लिंबायतच्या एका गल्लीत शेजारशेजारच्या खोल्यांत राहत आणि एकाच लूमच्या कारखान्यात काम करीत. कारागिरांवर देखरेख करणाऱ्या मास्टरचा गल्लीच्या तोंडाशी एका सकाळी, पाळी बदलण्याच्या वेळी, चाकूने खून झाला. थोरल्या भावाचे आदल्या दिवशी मास्टरशी भांडण झालेले होते. पण भांडण तर निम्म्या कारखान्याचे मास्टरशी होते. थोरल्याला तुरुंगात घातले ते एकाच साक्षीने, आणि ती साक्ष धाकट्या भावाच्या बायकोची होती. ती नळावर पाणी भरीत होती. तिने सांगितले, "माझे जेठ माझ्यासमोरून पळत गेले."

जेठ म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. खालच्या न्यायालयाने निकालात लिहिले होते की, साक्षीदार आरोपीच्या घरातली आहे, तिचे त्याच्याशी वैर नाही, नऊ वर्षे भिंतीला भिंत लावून राहिलेल्या माणसाला ओळखण्यात तिची चूक होणे शक्य नाही. शिवाय त्याच्या चपलेला बांधलेला निळा दोराही तिने पाहिला होता. इतके बारीक पाहणारी साक्षीदार अविश्वसनीय कशी मानावी? कारखान्याच्या दारातून जप्त केलेल्या त्या चपलांवर रक्ताचे डाग मिळालेच होते.

"आता यात काय राहिलंय?" साहेब म्हणाले. "घरची बाई, दिवसाउजेडी, चार हातांवरून. डोळ्यांनी पाहिलेला साक्षीदार मोडायचा तर तो खोटा तरी ठरवावा लागतो, नाहीतर आंधळा तरी."

ती खोटी आहे असे सिद्ध करण्याचा प्रयत्न खाली झालाच होता. सरकारने दिलेल्या बचावाच्या वकिलाने तिला वीस प्रश्न विचारले होते, ते सगळे खोलीच्या वाटणीवरून, पाण्याच्या हंड्यांवरून, जावाजावांच्या कुरबुरीवरून. ती प्रत्येकाला "नाही" म्हणाली होती.

एका गुरुवारी मी भीत भीत त्या बाईला विचारले, "तुमच्या जावेचं आणि तुमचं काही वाकडं होतं का?"

तिची कात्री थांबली. "बाई, सहा वर्षं झाली, मी तिच्याशी बोलत नाही. भिंतीपलीकडे ती खोकली तरी मला कळतं, पण बोलत नाही." मग ती साडीकडेच पाहत म्हणाली, "पण खोटं बोलणारी नाही ती. कधीच नव्हती. आणि हे मला भेटीत दरवेळी सांगतात, मी नव्हतो, पोरींची शपथ. हे पण खोटं बोलत नाहीत. मग मी कोणाचं खरं धरू?"

मी तिच्यासाठी चहा सांगितला. तिने तो बशीत ओतला आणि निवून गेला तरी प्यायला नाही.

तिचा नवरा सुटावा ही तिची इच्छा उघड होती. तिच्या मनात त्याहून खोल असे काही रुतून बसले आहे, हे त्या दिवशी माझ्या ध्यानात आले. दोघांपैकी एकाला खोटे मानल्याशिवाय तिला जगता येत नव्हते, आणि तिला तर दोघेही सच्चे वाटत होते.

त्याच महिन्यात माझे स्वतःचे जेठ मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी गावाहून आमच्याकडे आले. मी पदवीधर, वकील, चाळिशी ओलांडलेली. पण ते दारात खाकरले की माझा हात आपोआप पदराकडे जाई. आमच्या घरची रीतच तशी. धाकट्या सुनेने जेठाला तोंड दाखवायचे नाही, त्याच्याकडे मान वर करून पाहायचे नाही, त्याचे नाव घ्यायचे नाही. जेठानेही खाकरल्याशिवाय आत यायचे नाही आणि सुनेशी थेट बोलायचे नाही. मला ही रीत कधी जाचली नव्हती. उलट माझ्यासारख्या भिडस्त बाईला पदराआडची ती जागा बरीच वाटे. यजमान मला हसून म्हणत, "कोर्टातही पदर घेत जा, म्हणजे बोलता येईल."

शस्त्रक्रियेनंतर चौथ्या दिवशी जेठ सकाळी फिरायला म्हणून गेले ते अकरा वाजले तरी परतले नाहीत. यजमान कामावर गेलेले. एका डोळ्यावर पट्टी, शहर अनोळखी. मी घाबरून नाक्यावरच्या रिक्षा स्टँडवर गेले. तिथला एक रिक्षावाला आमच्या ओळखीचा, धुळ्याकडचा.

"वकीलबाई, दिसायला कसे आहेत ते?" त्याने विचारले.

"धोतर, पांढरी टोपी."

"तसे या लिंबायतमध्ये पाचशे सापडतील. तोंडानं कसे आहेत? गोरे, काळे? गाल बसलेले?"

मी पदर सारखा केला.

"नाक तरी? मिशा आहेत का?"

मी आठवू लागले. बावीस वर्षे मी त्यांना वाढत आले होते. ताटापुढची त्यांची मांडी, पोटरीवरच्या शिरा, उजव्या अंगठ्याचे काळे पडलेले नख, टाचेची तिरपी भेग हे सारे मला जसेच्या तसे दिसत होते. गुडघ्यांच्या वर मात्र पांढरे कापड होते आणि त्याच्या वर काहीच नव्हते.

"त्यांच्या वहाणा जाड तळाच्या आहेत," मी शेवटी म्हणाले. "काळ्या कातड्याच्या. डाव्या वहाणेला टायरचा तुकडा लावलाय."

रिक्षावाला माझ्याकडे पाहत राहिला. मग स्टँडवरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला, "बाई, माणूस शोधायचाय की वहाणा?"

सगळे हसले. मलाही हसू आले, आणि ते येता येताच थांबले.

जेठ पुढच्या चौकात सापडले. चहाच्या टपरीवर गावाकडच्या कोणाशी पीकपाण्याच्या गप्पा मारीत बसले होते. मला पाहून ते तोंड फिरवून रिक्षावाल्याला म्हणाले, "त्यांना सांगा, मी काही हरवलो नव्हतो." मी पदराच्या कडेखालून हळूच वर पाहिले. त्यांना मिशा होत्या, पांढऱ्या, ओठांवर उतरलेल्या. चेहरा मला वाटत असे त्याहून पुष्कळ म्हातारा होता, आणि त्यावर पकडल्या गेलेल्या माणसाचे ओशाळे हसू होते.

दुपारी मी ऑफिसात गेले आणि धाकट्या जावेची जबानी पहिल्या ओळीपासून पुन्हा लावू लागले. सरतपासणीत ती म्हणाली होती, "माझे जेठ पळत आले. मी पदर ओढून भिंतीकडे वळले. ते गेले." उलटतपासणीत जप्त चपलांबद्दल वकिलाने विचारले होते, "त्याच्या पायांत काय होते?" "त्यांच्याच चपला. निळा दोरा बांधलेल्या." हे उत्तर आपल्याला बाधते असे वाटून वकिलाने विषय घाईने सोडून दिला होता. "तोंड पाहिलेस का?" हा प्रश्न सबंध जबानीत कोणीही विचारला नव्हता, कारण नऊ वर्षे एका भिंतीपलीकडे राहिलेल्या बाईला तो विचारणे शहाण्या माणसाला सुचतच नाही. परका असता तर तिने पाहिला असता. जेठ होता म्हणून पाहिला नाही. चपला ओळखल्या, हात पदराकडे गेला, आणि त्यानंतर समोरून कोण पळाले हे भिंतीलाच ठाऊक.

आता प्रश्न राहिला चपलांचा. कारखान्यातल्या दुसऱ्या एका कारागिराची जबानी होती, सगळ्यांनी निरुपयोगी ठरवलेली. त्याने भाबडेपणाने सांगितले होते की, लूमवर कोणी चपला घालून जात नाही, दाराबाहेर ढीग असतो, आणि चहाला किंवा लघवीला जाणारा माणूस पायाला येईल तो जोड सरकवून जातो. आपलाच शोधत कोण बसतो? पाळी बदलताना त्या ढिगात तीस-चाळीस जोड असत. निळ्या दोऱ्याच्या चपला त्या सकाळी कोणाच्याही पायांत असू शकत होत्या.

मी अडीच पाने टिपण लिहिले. लिहून झाल्यावर मला ते फार धिटाईचे वाटले. मी ते फाइलच्या तळाशी ठेवले आणि आठ दिवस त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. गुरुवारी ती बाई आली, धागे कापीत बसली, "सरकलं का?" म्हणाली, आणि मी सवयीने मान हलवली. ती जिना उतरून गेल्यावर मला स्वतःचा असा काही राग आला की, मी उठले आणि ती पाने साहेबांच्या पुढ्यात ठेवली. हातात देण्याचे धैर्य तेव्हाही झाले नाही.

साहेबांनी ती दोनदा वाचली. चष्मा काढला. "बेन," ते म्हणाले, "मी चाळीस वर्षे हे काम करतोय. माझ्या बायकोनंसुद्धा माझ्या मोठ्या भावासमोर कधी मान वर केली नाही. आणि मी विचारतोय, घरची बाई कशी चुकेल?"

सुनावणीला ते मला अहमदाबादला घेऊन गेले. तिथले वकील उंच, घाईचे, झगझगीत बुटांचे. टिपण वाचून ते म्हणाले, "चपलांवर अपील लढवायचं म्हणता?"

"तुमच्या बुटांवर अजून एकही जिंकल्याचं ऐकलं नाही," साहेब म्हणाले, आणि दोघे जुने स्नेही मोकळेपणाने हसले. मला मात्र तहान लागली होती.

दोन न्यायाधीशांपुढे त्यांनी ते उत्तम मांडले, माझ्याने कधी झाले नसते इतके. त्यांपैकी एकांनी मध्येच विचारले, "तिने नळावर तोंड पाहिले नाही हे घटकाभर मानू. पण पुढे न्यायालयात तर तिने आरोपीला ओळखले आहे. ते कशावरून?"

वकील पाने उलटू लागले. ते पान मला ठाऊक होते, ओळसुद्धा. मी त्यांच्या मागे उभी राहिले, तोंड उघडले, आणि नेहमीप्रमाणे काहीच बाहेर आले नाही. शेवटी मी त्यांच्या खांद्यावरून हात पुढे केला, त्यांच्याच हातातली दोन पाने उलटली आणि त्या ओळीवर बोट ठेवले. खालच्या न्यायाधीशांनी साक्ष घेताना स्वतःच्या हाताने नोंद केली होती: साक्षीदार पदर पुढे ओढून खाली पाहत उभी आहे, सांगूनही मान वर करीत नाही, आरोपीच्या पिंजऱ्याकडे केवळ हात करून दाखवते.

वकिलांनी ती नोंद वाचून दाखवली. न्यायाधीशांनी आपल्यापुढचे पान काढून स्वतः वाचली. मग सरकारी वकिलांकडे वळून विचारले, "चपलांखेरीज तुमच्याकडे काय आहे?"

निकाल काही आठवड्यांनी आला. साक्षीदाराच्या सचोटीविषयी न्यायालयाला शंका नव्हती. पळणारा माणूस आरोपीच होता याविषयी मात्र वाजवी शंका उरत होती, आणि तिचा फायदा आरोपीला देणे भाग होते.

बातमी त्या बाईला मी सांगितली. हे काम साहेबांनी माझ्यावरच सोपवले.

"संशयाचा फायदा म्हणजे काय, बाई? सुटले, का निर्दोष?"

मला सोपे उत्तर देता आले असते. "सुटले," मी म्हणाले. "ते तेच होते असं खात्रीनं सांगता येत नाही, म्हणून सुटले. न्यायालयाला एवढंच म्हणता येतं."

"आणि ती?"

"ती खोटं बोललेली नाही, असंही लिहिलंय. तिनं जे पाहिलं तेच सांगितलं. तिनं चपला पाहिल्या."

तिने कापलेले धागे मुठीत गोळा केले. मग म्हणाली, "हे दुसरं परत एकदा सांगा." मी परत सांगितले. तिने साडीची घडी घातली, कात्री पिशवीत टाकली, आणि त्या दिवशी प्रथमच आमच्या ऑफिसातला चहा गरम असताना प्यायली.

हे सारे लिहिताना मास्टरची आठवण टाळता येत नाही. त्याची बायको दोन मुलांना घेऊन केव्हाच गावी निघून गेली होती. त्या सकाळी निळ्या दोऱ्याच्या चपलांत कोणाचे पाय होते, हे मला आजही ठाऊक नाही, आणि दर गुरुवारी येणारी ती बाई एकटीच निकालाची वाट पाहत नव्हती, हेही मी विसरू शकत नाही.

गुरुवारच्या त्या बाईचा नवरा घरी आला त्या संध्याकाळी तिने मला चहाला बोलावले. खोलीत दाटी होती. मुली त्याला चिकटून बसल्या होत्या. तो सडसडीत, केस पिकलेला, हळू बोलणारा माणूस होता. थोड्या वेळाने तो उठला, बाहेर गेला आणि शेजारच्या खोलीच्या दाराशी जाऊन खाकरला. सहा वर्षांनंतरही रीत चुकली नाही.

आतल्या बांगड्या एकदम थांबल्या. धाकटी जाऊ दारात आली ती पदर हनुवटीपर्यंत ओढून, अंग चोरून. थोरली तिच्या मागोमाग गेली, मीही उंबऱ्यापर्यंत गेले.

तो जमिनीकडे पाहत बायकोला म्हणाला, "तिला म्हन, पदर वर कर."

धाकटीने पदर आणखी घट्ट धरला.

"म्हन तिला," तो पुन्हा म्हणाला. "एकदा मन्हं तोंड नीट देखी ले."

तेव्हा सहा वर्षे न बोललेली थोरली पुढे झाली. तिने जावेच्या पदराची कड दोन बोटांत धरली आणि तिला म्हणाली, "देख वं. परत कोर्टात बोलावलं तं कामाले ई."

पदर वर गेला. रडून सुजलेले एक तरुणसे तोंड बाहेर आले. तिने डोळे वर केले, हळूहळू, त्याच्या पायांपासून. चेहऱ्यापाशी आल्यावर ती थबकली, आणि लहान मुलासारखी चकित होऊन म्हणाली, "माले वाटे, मिशी व्हई."

"मिशी कधी व्हती वं यासले!" थोरली ओरडली, आणि हसता हसता तिने जावेला पोटाशी धरले. दोघींचे हसणे कुठे संपले आणि रडणे कुठे सुरू झाले ते मला कळले नाही.

तो मात्र हसला नाही. हात सरळ खाली सोडून, मान किंचित वर उचलून, तो उजेडाच्या बाजूला तोंड करून तसाच उभा राहिला, फोटो काढून घेणारी माणसे राहतात तसा, तिचे पाहून पुरते होईपर्यंत.